वरनं बूट, खालनं पाय

माझ्या नवऱ्याचं पाय तुमी बघितलं असतील. तोंड न्हाई बघितलं कुणी, पण पाय सगळ्यांनी बघितल्यात. साखर कारखान्याची निवडणूक आली, की कराडच्या नाक्यापासनं इस्लामपूरच्या एस्टी स्टँडापर्यंत फ्लेक्स लागतात. वर आमच्या पुढाऱ्याचा, आप्पासोचा, हात जोडलेला फोटो आन खाली दोन पाय. नुसतं पाय, भेगाळलेलं, घोट्याच्या वरनं तोडल्यावाणी. खाली मोठ्या अक्षरात लिवलेलं असतं, 'निष्ठा'. त्या निष्ठंला रोज सांच्याला कोमट पाण्यात घालून कोण घासतं? मी. सुईनं काटं कोण काढतं? मीच की.

झालं आसं. मागं एका निवडणुकीत आप्पासोचं पॅनेल सपशेल पडलं. पडल्यावर सभा घेतली आन आप्पासो सभेत रडला. रडाय त्याला चांगलं येतं. त्याच्या माघारी त्याला अहो-जाहो कराय माझी जीभ वळत न्हाई, आधीच सांगून ठेवते. तर तो रडला तशी पाच-सहा गडी स्टेजवर चढलं आन शपथ घेतली, की आप्पासो चेअरमन व्हईस्तवर पायात पायताण घालणार न्हाई. आमचं मालक सगळ्यात म्होरं. आप्पासोनं डोळं पुसलं, माइक धरला आन शब्द दिला, "ज्या दिवशी ही शपथ सुटंल, त्या दिवशी ह्या वाघांच्या पायात मी माझ्या हातानं पायताण घालीन!" हलगी कडाडली. माणसं शिट्ट्या माराय लागली.

बाकीचं वाघ वरीसभरात शहाणं झालं. एकाला साखर निघाली, डॉक्टरनं बूट घालाय सांगितलं. एकाच्या पोराचं लगीन आलं. कोंडीबा तर म्हणला, "शपथ घेताना मी स्पीकरच्या मागं उभा व्हतो, मला नीट ऐकाय आलं न्हाई." राहिलं आमचं एकटं. लय जिद्दी माणूस. उसात अनवाणी, तापल्या डांबरावर अनवाणी, पोरीच्या लग्नात सुटाबुटातल्या व्याह्यांम्होरं बी अनवाणी. आन आप्पासो हर सभेत ह्यांना खुर्चीवर उभं करून पब्लिकला पाय दाखवणार. दर निवडणुकीत पडतोय आन दर निवडणुकीत पाय दाखवतोय.

आता माझं सांगते, कारण माझं कुणी फ्लेक्सवर लावत न्हाई.

लग्न झाल्यापासनं आमी नवरा-बायकू एका येळंला जेवलो न्हाई. आधी गडीमाणसं, मग पोरं, मग चुलीपाशी बाया. सासू-सासरं गेलं, दीर वायलं झालं, पोरगी नांदाय गेली. घरात दोघंच राहिलो तरी रीत तीच. ते जेवणार, मी वाढणार. जेवलं की ताटात हात धुणार, ढेकर देणार आन उठून सोप्यात जाणार. मग ते ताट उचलून मी माझं वाढून घेणार. एकदा मीच धीर करून माझं ताट घिऊन शेजारी बसले. मालक घाबरलं. "काय झालं? बरं न्हाई का तुला?" म्हणालं. मी मुकाट ताट उचललं आन आत गेले.

आमची राजेश्वरी पुण्याला कंपनीत कामाला हाय. तिनं जहाजाची तिकिटं काढली. मुंबईहून सुटायचं, समुद्रात फिरवून परत आणायचं. फोनवर म्हणली, "आय, शेवटच्या सांजंला मोठ्या हॉलात जेवण असतंय. दोघांचंच टेबल सांगून ठेवलंय मी. तू नुसतं बसायचं. वाढपी वाढतो. दोघांची ताटं एकदम येत्यात."

"एकदम?" मी इचारलं.

"एकदम."

त्या दिवशी माझं भाकरीकडं ध्यान न्हाई राहिलं, दोन भाकरी करपल्या.

पण पोरगी म्होरं म्हणली, "बाबांना मात्र काळा कोट लागतोय, पांढरा शर्ट, गळ्यात बो आन काळं बूट. बूट नसंल तर हॉलात घेत न्हाईत. मग वरच्या मजल्यावर ताट हातात घिऊन उभ्यानं खायचं, बुफेवाणी."

मी कपाळाला हात लावला. देव देतो आन कर्म नेतं म्हणत्यात, ते हेच.

इस्लामपुरात रसूलभाईंचं टेलरिंगचं दुकान हाय. बँडवाल्यांचं कोट तेच शिवतात आन नवरदेवांचं बी. ह्यांना घिऊन गेले. रसूलभाईंनी मापं घेतली. म्हणलं, "वहिनी, खांद्याला सोनेरी झालर लावू का?"

"नको वो, नुसतं काळं सांगितलंय."

"नुसतं काळं? मग वकील दिसंल की माणूस. निदान बटणं तरी पितळंची लावतो." त्यांना लय वाईट वाटत व्हतं. पण निघायच्या आदल्या दिवशी कोट झ्याक शिवून दिला. गळ्यातलं काळं फुलपाखरू बी शिवलं, मागं रबर लावून. मालकांनी आरशात बघितलं, फुलपाखरू ताणलं, सोडलं, ते टपकन गळ्यावर बसलं. गडी खूश झाला.

"आता बूट," मी म्हटलं.

मालकांचं तोंड उतरलं. "हे बघ, कोट घातला, फुलपाखरू घातलं, म्हणशील तर मळवट बी भरतो. पायताण न्हाई. शपथ ती शपथ."

"आवं, एका सांजंचा प्रश्न हाय!"

"शपथंला सांज न्हाई आन सकाळ न्हाई."

मला रडूच फुटलं. भर दुकानात, कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून मी रडले. रसूलभाई गप उठलं, शेजारच्या तारिकच्या चपलांच्या दुकानातनं काळ्या बुटांचा जोड घिऊन आलं, आन कातर, रापी, काय काय हत्यारं घिऊन बसलं. बुटाचा तळ त्यांनी आख्खा कापून काढला. वरचं कातडं, नाडी, मागची बाजू सगळं जागच्या जागी. खाली काही न्हाई. ह्यांच्या पायावर ते टोपडं घालून नाडी आवळली आन म्हणलं, "नाथाजीराव, तुमची शपथ तळव्याची हाय. वरच्या अंगाची न्हाई. आता बघा, वरनं बूट, खालनं पाय."

उभं राहिल्यावर आक्षी बूट दिसत व्हतं. तारिक तर वाकून बघून म्हणला, "पॉलिश बी घेणार."

मालक मात्र इचारात पडलं. "आप्पासोला इचारल्याबिगर न्हाई," म्हणालं. फोन लावला. बंद. आप्पासोच्या ऑफिसातला माणूस म्हणला, "साहेब देवदर्शनाला गेल्यात. निवडणूक तोंडावर हाय, फोन बंद ठिवलाय." मालकांनी तितल्या तितं हात जोडलं. "बघितलं का? पार्टीसाठी देव पाण्यात घातल्यात त्या माणसानं."

मग परीक्षा घ्यायची ठरली. कोंडीबा येऊन उभा व्हताच, त्यानं रस्त्याच्या कडंचा एक सराटा आणून फरशीवर ठिवला. म्हणला, "काटा मोडला तर तू अनवाणी, न्हाई मोडला तर तू बुटात." मालकांनी डोळं मिटून त्या सराट्यावर पाय दिला आन आसं वरडलं, की समोरचा रिक्षावाला उतरून आला.

"मोडला!" मालक एका पायावर नाचाय लागलं. "मोडला! शपथ शाबूत हाय!"

रसूलभाईंनी पेढं मागवलं. मी तितंच बसून काटा काढला.

जहाजाचं काय सांगू. आमच्या तालुक्याची कचेरी, कारखाना आन सिनेमाचं थेटर एकावर एक ठिवलं तर तेवढं व्हईल. समुद्र मला नवा वाटला न्हाई. कृष्णेला महापूर आला की आसाच दिसतो, फक्त हितं म्हसरं वाहून जाताना दिसली न्हाईत. दोन दिवस आमी वरच्या मजल्यावर उभ्यानं जेवलो. म्हंजे मालक जेवलं. मी सवयीनं त्यांच्या मागं ताट धरून उभी राहिले, आन ते झाल्यावर घेतलं.

शेवटची सांज आली. मी हिरवी इरकल नेसले, नथ घातली. मालकांना कोट चढवला, फुलपाखरू बसवलं, बूट बांधलं. हॉलाच्या दारात काळ्या कोटाची माणसं रांगंत उभी. काळा कोट, पांढरी छाती, गळ्यात फुलपाखरू, समदी एका आईची लेकरं. बायांच्या अंगावर हजार रंग, आन गड्यांना जणू कुणी दंड केलाय. दारातल्या साहेबानं मालकांना वरनं खाली बघितलं. केस, फुलपाखरू, कोट, इजार, बूट. "वेलकम सर," म्हणला तो.

आत गालिचा आसा, की पाय घोट्यापर्यंत बुडावा. मालक चार पावलं चालल्यावर फिसकन हसलं. मी म्हटलं, "आवं, काय?" तर म्हणालं, "गुदगुल्या व्हत्यात गं." तापल्या डांबराला भीक न घालणारा माणूस, खिदळत खिदळत टेबलापर्यंत आला.

वाढप्यानं माझी खुर्ची मागं ओढली. मला वाटलं बसू नको म्हणतोय. पण न्हाई, माझ्याचसाठी ओढली व्हती. मी बसले. समोर ते बसलं. मग दोघंजण आलं, एक माझ्या बाजूनं, एक त्यांच्या बाजूनं, आन सूपाच्या दोन वाट्या एकदम खाली ठिवल्या. टक आन टक न्हाई, एकच टक. माझं डोळं भरून आलं. मी चमचा उचलला.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरनं हसणं ऐकाय आलं. वळखीचं हसणं. मी मान वळवली.

आप्पासो! काळा कोट, गळ्यात रेशमी फुलपाखरू, पायात आरशावाणी चमकणारं बूट. आन त्याच्या समोर कोण? जयराज! कारखान्याचा चेअरमन, आप्पासोचा जानी दुश्मन. ज्याच्या दारचं पाणी पिणार न्हाई म्हणून हा आप्पासो सभेत छाती बडवत व्हता, त्याच्याच ताटातली तळलेली मच्छी उचलून हा तोंडात टाकत व्हता.

मालकांच्या हातातला चमचा वाटीत पडला. "आप्पासो?" म्हणालं, "तुमी तर देवाला..."

आप्पासो दचकला. पण राजकारणातला माणूस तो, दचकलेला दिसतोय कशाला. त्यानं ह्यांना वरनं खाली बघितलं, नजर बुटावर थांबली, आन उलट तोच खवळला. उठून उभा राहिला. "नाथाजी! पायात बूट? आरं, शपथ मोडलीस? निवडणूक तोंडावर आली, फ्लेक्स छापाय टाकल्यात, आन तू बूट घालून सूप पितोस? लोकांना काय तोंड दाखवू मी?"

सगळा हॉल बघाय लागला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणत्यात त्या ह्या, काळ्या कोटात.

आमच्या मालकांना शपथंचा संशय घेतलेला सोसत न्हाई. "मोडली?" म्हणालं. "मी मोडली?" आन खुर्ची मागं सारून त्यांनी उजवा पाय उचलला, तो थेट टेबलाच्या कडंवर. वरनं चकचकीत बूट, आन खालनं अख्खा तळवा, काळा, भेगाळलेला, मधोमध सराट्याची ताजी खूण. पलीकडच्या टेबलावरची एक बाई ओरडली. तिला वाटलं बूट फाटून पाय बाहेर आला.

दारातला साहेब पळत आला. लय नरम आवाजात हिंदीत म्हणला, की माफ करा, हितं बुटाशिवाय बसता येत न्हाई. वरच्या मजल्यावर जेवण हाय, तितं चला.

मालकांनी पाय खाली घेतला. "चल," मला म्हणालं. "वर जाऊ."

माझ्या वाटीतनं अजून वाफ निघत व्हती.

मी उठले न्हाई. मी जयराजकडं वळले. "दादा, एक सांगा. औंदा चेअरमन कोण?"

जयराजच्या तोंडात घास व्हता. मला कुणी तरी आधीच सांगितलं असंल आसं वाटून त्यानं सरळ सांगून टाकलं. "मीच की, मावशी. औंदा बिनविरोध करतोय. आप्पासो व्हाइस चेअरमन. ठरलंय कवाच."

"कवा?" मालकांनी इचारलं.

"मागच्या दिवाळीत."

आन त्यानंतर संक्रांतीच्या सभेत ह्यांना खुर्चीवर उभं केलं व्हतं. पाय दाखवलं व्हतं.

"म्हंजे," मी आप्पासोला म्हटलं, "तुमी चेअरमन व्हणारच न्हाई. मग ह्यांची शपथ कवा सुटायची?"

आप्पासोनं आवाज खाली आणला, ह्यांच्या खांद्यावर हात ठिवला. "नाथाजी, आरं, राहू दे की गड्या. लोकांना सवय झालीया तुझ्या पायांची. म्होरच्या बारीला बघू आपण."

आन आमचं मालक, आमचं खुळं मालक, मला पुन्हा म्हणालं, "चल गं. ते चेअरमन झाल्यात का? न्हाईत. मग शपथ हायच."

तवा माझं डोस्कं फिरलं. मी नॅपकिन मांडीवर पसरला आन चमचा घट्ट धरला. "मी न्हाई येणार," म्हटलं. "तुमी जावा, शपथंबरूबर जेवा. मी हितं बसून जेवणार. आवं, तुमच्या पायातलं काटं काढून काढून माझी नजर गेली. मागितलं काय मी? सोनं मागितलं? साडी मागितली? तुमच्या म्होरं बसून एक ताट मागितलं. एकदा. एकच डाव. ते बी ह्या माणसाच्या पायी उठवताय मला?"

बोलता बोलता मला रडू यायला लागलं, आन त्याचा मला राग आला, म्हणून मी सूपाचा एक चमचा प्याले. कशाचं सूप व्हतं, देवाला ठावं.

मालक दारापर्यंत गेलं. साहेब दार धरून उभा व्हता. दारात थांबलं. मागं वळून माझ्याकडं बघितलं, मग खाली आपल्या पायांकडं बघितलं. लय येळ बघितलं. आपलं पाय त्यांनी कवा बघितलंच नसतील, कायम दुसऱ्यांना दाखवलं. मग तसंच परत आलं, गालिच्यावरनं, पण ह्या बारीला हसलं न्हाईत. आप्पासोच्या म्होरं उभं राहिलं आन एक पाय पुढं केला.

"घाला," म्हणालं.

"काय घाला?"

"पायताण. सगळ्यांम्होरं शब्द दिला व्हता, माझ्या हातानं घालीन म्हणून. माझी शपथ सुटली. आत्ता, दारात सुटली. घाला."

"आरं पण हितं पायताण कुठलं?"

मालकांनी आप्पासोच्या बुटांकडं बोट केलं.

आप्पासोनं इकडं तिकडं बघितलं. सगळा हॉल माना वळवून बसलेला, चार-दोन जणांनी मोबाइल वर धरलेलं. जयराज तर मच्छी सोडून व्हिडिओ काढत व्हता, आन गालातल्या गालात हसत व्हता. व्हाइस चेअरमन कितीही मैतर झाला तरी त्याचा व्हिडिओ असलेला बरा. आप्पासो खाली बसला. आपलं बूट काढलं. काळ्या कोटातला तो मोठा माणूस गालिच्यावर गुडघा टेकून बसला आन आमच्या मालकांच्या पायात बूट घालाय लागला. रसूलभाईंची टोपडी आधी वर सरकवाय लागली, ती नडगीवर जाऊन बसली. बूट मोठं व्हतं, पण नाडी आवळल्यावर बसलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आमच्याकडं मोठ्या जेवणाच्या आधी आसा काय तरी रिवाज असतो. एक गोरा म्हातारा उठून माझ्या मालकांचा हात हातात घिऊन गेला.

दारातल्या साहेबानं मालकांचं बूट बघितलं, मान डोलावली. मग आप्पासोचं पाय बघितलं. नुसतं मोजं. लय नरम आवाजात म्हणला, "माफ करना सर."

आप्पासोला बाहेर नेलं. जयराज त्याच्याबरूबर गेला न्हाई, त्याची मच्छी गार व्हत व्हती.

मग आमी जेवलो. ताटामागनं ताट आलं, दर बारीला दोन, दर बारीला एकदम. मालक मुकाट्यानं जेवत व्हतं. मधीच म्हणालं, "बूट चावतोय." मी म्हटलं, "चावू दे, तुमच्या पायाला नवं हाय." कोट खांद्यावरनं सरकला व्हता, फुलपाखरू कानाखाली आलं व्हतं. ते मी हात लांबवून सरळ केलं. भर हॉलात. त्यांनी करू दिलं.

त्यांचं जेवण लवकर उरकतं, कायमच. ताट निर्मळ झालं. ढेकर आला. मला सगळी सवय ठावं हाय. आता हात धुणार, आता उठणार. मी माझा घास हातातच धरून वाट बघितली.

ते उठलं न्हाईत. खुर्ची नीट पुढं ओढून बसलं. काचंच्या दाराकडं बघितलं. बाहेर आप्पासो मोज्यावर उभा व्हता, बुटांची वाट बघत, एक पाय दुसऱ्या पायावर घासत.

"मी हाय," मालक मला म्हणालं. "तुझं हू दे सावकाश."

मी घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग वाढप्याला हाक मारली आन म्हटलं, "बाबा, माझं ताट पहिल्यापासनं वाढ. सूपापासनं."